भाला खाली ठेवणारा पाणबुड्या : जाक कुस्तो

आपल्या घोटीला समुद्र नसला तरी पाण्याची कमतरता नाही. एका अंगाला दारणा, दुसऱ्या अंगाला भावली आणि मुकणे, वरच्या बाजूला वैतरणा. पाऊस तर विचारायलाच नको. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना पाण्याची ओढ उपजतच असते. त्यात अलीकडे दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत सोसायटीतली बरीच कुटुंबं मालवण-तारकर्लीला जातात आणि स्कूबा करून येतात. डोळ्यांवर काच, तोंडात रबरी नळी, पाठीवर हवेची टाकी आणि दोन बोटं वर करून काढलेला फोटो. तो फोटो ग्रुपवर आला की तरुण मंडळींत चर्चा सुरू होते. हे सामान कुठे मिळतं, कितीला पडतं, असं सामान घेऊन पाण्याखाली भाल्याने मासे मारता येतील का, आणि मारायचे तर त्यातलं काय निवडावं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात एका माणसाचं सबंध आयुष्य खर्ची पडलेलं आहे. ते सामान ज्याच्या खटपटीतून जन्माला आलं तो माणूस म्हणजे फ्रान्सचा जाक-ईव्ह कुस्तो. त्याची सुरुवात भाल्याने मासे मारण्यापासूनच झाली होती. रौप्यमहोत्सवी अंकात स्थानिक थोरांची चरित्रं असतातच, म्हणून यंदा जरा लांबच्या माणसाची ओळख करून देतो.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. लहानपणी तब्येत तोळामासा. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाची बिऱ्हाडं सतत बदलत. काही काळ ते न्यूयॉर्कलाही राहिले. तिथे सुट्टीतल्या शिबिरात तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढायचं काम या मुलाच्या वाट्याला आलं आणि तो बुडी मारायला शिकला. शाळेत मात्र दिवे लावले ते असे की खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून त्याला शिस्तीच्या वसतिशाळेत धाडावं लागलं. आवड दोनच गोष्टींची : यंत्रं उघडून पाहायची आणि सिनेमाचा कॅमेरा चालवायचा. तेराव्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून स्वतःचा कॅमेरा घेतला होता.

१९३० मध्ये तो फ्रेंच नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. व्हायचं होतं नौदलाचा वैमानिक. पण १९३६ मध्ये मोटारीचा भीषण अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि वैमानिकाचं स्वप्न तिथेच संपलं. त्याची नेमणूक भूमध्य समुद्रावरच्या तुलाँ बंदरात झाली. तिथला वरिष्ठ सहकारी फिलिप तायेज याने त्याला हातांत बळ यावं म्हणून रोज समुद्रात पोहायला लावलं आणि पाण्यात घालायचा एक चष्मा दिला. त्या वर्षीच्या एका रविवारी कुस्तोने तो चष्मा लावून डोकं पाण्याखाली घातलं. वर रस्त्यावर ट्राम धावत होती, किनाऱ्यावर माणसं होती, आणि एक वीत खाली झाडं, खडक, मासे असं निराळंच जग होतं. हात मोडले नसते तर हा माणूस आकाशात गेला असता. तो पाण्यात गेला आणि पुढची साठ वर्षं तिथून पुरता बाहेर आलाच नाही.

त्या काळी पाण्याखाली जाऊन काय करायचं, तर मासे मारायचे. दुसरा उद्योग कुणाला सुचत नव्हता. तायेज, कुस्तो आणि त्यांना येऊन मिळालेला फ्रेदेरिक द्युमा असं हे त्रिकूट. द्युमा तर त्या किनाऱ्यावरचा नामांकित शिकारी. एकदा त्याने दोन तासांत शंभर किलो मासे मारून दाखवण्याची पैज लावली. पाच बुड्या मारल्या आणि सव्वाशे किलोंच्या वर मासळी काढली. त्यात चार तर कोकणात ज्याला हेकरू म्हणतात त्या जातीचे धिप्पाड मासे होते. हे सगळं छातीत भरून घेतलेल्या एका श्वासावर.

त्यांच्याजवळचं सामान काय होतं तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीचे चष्मे दोन सुट्या काचांचे. खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. चष्म्यातल्या हवेला मात्र वाट नसते, त्यामुळे काचा डोळ्यांत रुततात. म्हणून डोळे आणि नाक दोन्ही आत घेणारा एकच मुखवटा आला. नाकातून थोडी हवा आत सोडली की दाब सारखा होतो. आजही मुखवटा निवडताना नाक आत हवं असा नियम आहे, तो उगाच नाही. पायांत घालायचे रबरी पंखे फ्रान्सच्याच द कोर्लियो याने १९३३ मध्ये पेटंट केले होते. त्यांच्यामुळे हात मोकळे राहू लागले. मोकळ्या हातांत भाला आला, आणि पुढे स्प्रिंगने किंवा रबराने सुटणाऱ्या भाल्याच्या बंदुका आल्या.

१९३७ मध्ये कुस्तोचं सिमोन मेल्शियोर हिच्याशी लग्न झालं. ही बाई साधी नव्हती. तिचे वडील एअर लिक्विड या मोठ्या वायू-कंपनीत अधिकारी होते. ही ओळख पुढे कामाला आली.

एका श्वासावर फार तर मिनिट-दोन मिनिटं मिळत. कुस्तोला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्या काळचे व्यावसायिक पाणबुडे तांब्याचं जड शिरस्त्राण आणि शिशाचे बूट घालून तळावर चालत. त्यांना वरच्या बोटीतून नळीने हवा पंप करावी लागे. म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर. ल प्रियर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने हवेची बाटली जवळ बाळगायचं साधन केलं होतं, पण त्यात हवा सतत सुटत राही, आणि निम्मी फुकट जाई. कुस्तोने मग शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं साधन जहाजावरच्या कारागिराकडून बनवून घेतलं. सुमारे चौदा मीटरपर्यंत ऑक्सिजन चालतो असा त्या वेळचा समज होता. तेवढं खोल गेल्यावर त्याला आकडी आली. कमरेचं वजन सोडून तो कसाबसा वर तरंगला. काही सुधारणा करून पुन्हा गेला, पुन्हा आकडी, आणि या वेळी जीव जाता जाता राहिला. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो हे त्याला स्वतःच्या देहावर कळलं. त्यानंतर त्याने ठरवलं की साधी हवाच पाहिजे, पण ती हवी तेव्हाच आणि हवी तेवढीच मिळाली पाहिजे.

एवढ्यात दुसरं महायुद्ध आलं आणि फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला. त्या धामधुमीत १९४२ मध्ये या त्रिकुटाने पाण्याखाली आपला पहिला चित्रपट काढला. विषय भाल्याच्या शिकारीचाच. फिल्म मिळत नव्हती म्हणून साध्या फोटोच्या कॅमेऱ्याची रिळं विकत घेऊन, अंधारात एकाला एक जोडून ती वापरली. श्वासाचं कोणतंही साधन नव्हतं, सगळं दम रोखून.

त्याच वर्षी डिसेंबरात सासऱ्यांच्या कंपनीमार्फत कुस्तोची पॅरिसमध्ये एमिल गान्याँ या इंजिनिअरशी गाठ पडली. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्याँने एक झडप तयार केली होती. आपल्या घरात सिलिंडरवर रेग्युलेटर असतो, तो सिलिंडरमधला जोराचा दाब कमी करून शेगडीला पुरेल एवढाच गॅस सोडतो. त्याच कुळातली ही झडप. फरक एवढाच करायचा होता की पाणबुड्या जितका खोल जाईल तितक्या जास्त दाबाने हवा मिळाली पाहिजे, आणि तीही श्वास ओढला तरच. हे काम एक रबरी पडदा करतो. त्याच्या बाहेरून पाणी दाबतं, आतून माणूस श्वास ओढतो, पडदा हलतो आणि झडप उघडते. श्वास सोडला की बंद. कल्पना सोपी आहे.

१९४३ च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना श्वास उत्तम चाले. उभं राहिलं की हवा सुसाट वाहून जाई, आणि डोकं खाली केलं की ओढूनही येईना. दोघं विचारात पडले. श्वास बाहेर टाकायचं तोंड आत घ्यायच्या झडपेपेक्षा पाच-सहा इंच उंचावर होतं, तेवढ्यानेच दाबाचा फरक पडत होता. दोन्ही एकाच पातळीवर आणली आणि यंत्र जमलं. जून महिन्यात दक्षिणेला बाँदोल गावी पेटी रेल्वेने आली. गावात इटालियन सैन्य होतं, म्हणून मंडळी गुपचूप एका आडबाजूच्या खाडीत गेली. पाण्यावर सिमोन मुखवटा लावून नजर ठेवून, काठावर द्युमा मदतीला तयार, आणि कुस्तो खाली. उताणं, पालथं, गोल फिरून, सगळ्या तऱ्हांनी त्याने श्वास घेऊन पाहिला. कशालाच हवा अडली नाही. एका गुहेच्या छताला शेवंडी चिकटलेल्या दिसल्या. रेशनिंगचे दिवस, घरात खाणारी तोंडं बरीच. त्याने त्या एकेक करून वर सिमोनच्या हातात दिल्या. म्हणजे जगातला पहिला अक्वालंग पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या कामी आला.

इथवरची गोष्ट यशाची. पण हे सामान किती जपून वापरावं लागतं हेही याच मंडळींनी किंमत देऊन शिकवलं. त्याच वर्षी द्युमा साठ मीटरच्या पलीकडे गेला तेव्हा त्याला दारू चढल्यासारखं झालं. खोलवर साध्या हवेतला नायट्रोजनच माणसाला झिंगवतो. त्या अवस्थेत तोंडातली नळी काढून माशाला द्यावीशी वाटेल इतकी बुद्धी फिरते. १९४६ मध्ये व्होक्ल्यूझच्या प्रसिद्ध झऱ्याचा तळ शोधायला कुस्तो आणि द्युमा उतरले आणि दोघंही भ्रमिष्ट होऊन, मरता मरता वर आले. खोली कमी आणि त्रास जास्त, हे कसं? तपासलं तर टाक्यांतली हवाच खराब निघाली. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. टाकी चकचकीत होती, झडप उत्तम होती, आणि आत विष. १९४७ मध्ये त्यांचा जिवलग सहकारी मोरीस फार्ग हा खोलीच्या चाचणीत सुमारे १२० मीटरवर बेशुद्ध पडला आणि गेला. बँकेत आम्ही म्हणायचो की तारण कागदावर कितीही भक्कम दिसलं तरी जागेवर जाऊन बघावं. पाण्याखाली तर न बघितल्याची चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस मिळत नाही.

१९५० मध्ये एका इंग्रज धनिकाने कुस्तोला युद्धातली एक जुनी सुरुंगकाढू बोट वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्याने दिली. तीच पुढे जगप्रसिद्ध झालेली कॅलिप्सो. बोटीची डागडुजी आणि सामान यांसाठी सिमोनने अंगावरचे दागिने विकले. नंतरच्या काळात बोटीवर नवऱ्यापेक्षा तिचाच मुक्काम जास्त असे. खलाशांची ती आईच होती. चित्रपटांत मात्र ती फारशी दिसत नाही. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतही फोटोत न आलेल्या अशा माउल्या कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१९५३ मध्ये त्याचं मूक जगावरचं पुस्तक आलं आणि १९५६ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, पुढे ऑस्करही मिळालं. समुद्राचे खरे रंग जगाने पडद्यावर पाहिले. पण आज तो चित्रपट पाहताना काही ठिकाणी मान खाली जाते. मासे मोजायचे म्हणून प्रवाळात सुरुंग लावलेला आहे. बोटीच्या पंख्याने देवमाशाचं पिल्लू घायाळ झालं, त्याला खायला शार्क जमले, तर खलाशांनी चिडून ते शार्क कापून काढलेले आहेत. हे सगळं कॅमेऱ्यासमोर, लपवाछपवी न करता. त्या वेळी त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, कारण समुद्र अक्षय आहे अशीच सगळ्यांची समजूत होती.

ती समजूत ज्यांनी आधी सोडली त्यांत कुस्तो होता, आणि याचं कारण तो पंडित होता हे नाही. तो त्याच त्या खडकांवर वर्षानुवर्षं परत परत जात होता. जिथे १९३६ मध्ये हेकरूंची दाटी होती तिथे नंतर ओसाडी दिसू लागली. बंदुका स्वस्त झाल्या, मुखवटे दुकानात आले, हौशी शिकाऱ्यांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या. उरलेले मासे भाल्याच्या टप्प्याबाहेर राहायला शिकले. त्यात आता अक्वालंग. दम रोखून जाणाऱ्या माणसाला मिनिटाभरात वर यावं लागतं, म्हणून माशाला सुटायची संधी असते. पाठीवर तासाभराची हवा घेऊन कपारीच्या तोंडाशी बसलेल्या माणसापुढे माशाची काहीच चालत नाही. हेकरू तर आपली कपार सोडून फारसा हिंडत नाही आणि वाढतोही हळू. शिकारी निवडतो तो सर्वांत मोठाच. व्याज सोडून दरवेळी मुद्दलच उचललं तर खातं किती दिवस टिकणार?

म्हणून ज्याने एका हाताने जगाला पाण्याखालचा श्वास दिला, त्याने दुसऱ्या हातातला भाला खाली ठेवला आणि इतरांनीही ठेवावा म्हणून उघडपणे बोलू लागला. १९५७ पासून तो मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाचा संचालक होता. १९५९ मध्ये पाणबुड्यांची जागतिक संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. आज फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत हवेची टाकी लावून भाल्याने मासे मारायला कायद्याने बंदी आहे. हौशी शिकार करायची तर एका श्वासावर. त्या खेळाच्या जागतिक स्पर्धाही एका श्वासावरच होतात. १९६० मध्ये अणुकेंद्राचा कचरा भूमध्य समुद्रात टाकायचा सरकारी बेत होता, त्यालाही त्याने विरोध केला आणि तो बेत अडला. १९६२ ते १९६५ या काळात त्याने समुद्रतळावर घरं बांधून माणसं राहवून दाखवली. शेवटच्या प्रयोगात सहा माणसं शंभर मीटरवर तीन आठवडे राहिली. दूरदर्शन मालिकांनी त्याची लाल टोपी घरोघरी पोहोचवली. ऐंशीव्या वर्षी अंटार्क्टिका खाणींपासून वाचवण्यासाठी त्याने लाखो सह्या गोळा केल्या, आणि १९९१ च्या माद्रिद करारात तिथे खाणकामाला बंदी आली.

घरची बाजू मात्र दुःखाची. भाऊ युद्धात जर्मनांच्या बाजूने लिहिणारा पत्रकार निघाला, त्याला आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी होऊन तुरुंगवास. धाकटा मुलगा फिलिप १९७९ मध्ये लिस्बनजवळ समुद्री विमानाच्या अपघातात गेला. १९९० मध्ये सिमोन गेली. त्याने पुन्हा लग्न केलं, थोरल्या मुलाशी नावाच्या वापरावरून वाद न्यायालयापर्यंत गेला. १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जच्या धडकेने कॅलिप्सो बुडाली. पुढच्या वर्षी, २५ जून १९९७ रोजी, ८७ व्या वर्षी कुस्तो पॅरिसमध्ये वारला. ज्या गावात जन्मला त्याच गावच्या दफनभूमीत, म्हणजे जमिनीतच, त्याला ठेवलं आहे.

आता आपल्याकडे येऊ. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे पाण्याखाली जायचं ते पाहायला, मारायला नव्हे. आणि आपल्या भागात? पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात. पोटात अंडी घेऊन वर चढणारी ती मासळी आपण टोपल्या भरभरून धरतो आणि चार महिन्यांनी म्हणतो की पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत. कुस्तोला जे समुद्रात वीस वर्षांनी उमगलं ते आपल्या बांधावर दरवर्षी दिसतं.

तेव्हा तरुण मंडळींनो, सामान जरूर घ्या. मुखवटा नाक आत घेणारा घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास ओढा, जागेवर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. वरून पाहताना वापरायची नळी आखूडच असू द्या, कारण अर्धा मीटर खालूनसुद्धा छातीला हवा ओढता येत नाही. पायांतले पंखे बोटांना न आवळणारे हवेत. टाकीचं साधन मात्र दुकानातून थेट पाठीवर चढवू नका. आधी प्रशिक्षकाकडे रीतसर शिका, आणि हवा कुठे भरली ते विचारा. टाकीने श्वास घेत असाल तर वर येताना दम कधी रोखू नका. दहा मीटरवरची फुप्फुसातली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. टाकीशिवाय बुडी मारणाऱ्यांनी आधी जोरजोरात भराभर श्वास घेऊ नये. त्याने दम टिकल्यासारखा वाटतो आणि पाण्यातच अचानक शुद्ध हरपते. धरणाच्या पाण्यात तर हे सामान घेऊनही उतरू नका. खाली गाळ, झाडांची खोडं, एकदम तुटणारी खोली आणि विमोचकाची ओढ असते, नि हातभर पुढचं दिसत नाही. आणि कुठेही, कधीही एकट्याने जाऊ नका. बाँदोलच्या त्या पहिल्या दिवशी कुस्तोसारख्या माणसालाही वर सिमोन आणि काठावर द्युमा लागला होता.

भाला मात्र यादीतून वगळा. त्या पैशांत पाण्यात चालणारा एखादा साधा कॅमेरा बसतो का ते पाहा. मासा तुम्ही पाहाल, आणि तुमच्यानंतर जाणाऱ्यालाही तो तिथेच दिसेल.